ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि विजेची गाडी
होतकरू खरेदीदारांसाठी सुलभ मार्गदर्शिका

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. विजेच्या गाडीचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्या पळवाटेचा फायदा घेऊन आज कुणी विजेची गाडी घ्यायची म्हटली, की आप्तेष्ट पहिला प्रश्न विचारतात, "कुठली आहे?" पेट्रोलच्या गाडीला हा प्रश्न फारसा कुणी विचारत नसे. तिथे "अ‍ॅव्हरेज किती देते?" एवढ्यावर भागायचं. विजेच्या गाडीला धूर नाही, आवाज नाही, गिअर नाहीत. नावं ठेवायला कूळच काय ते उरतं.

हे कुलसंशोधन शास्त्रशुद्ध पायावर उभं करणं हा प्रस्तुत मार्गदर्शिकेचा हेतू आहे. तिचा उत्तरार्ध गाडी बंद पडल्यावर काय करायचं याविषयी आहे. जाणते लोक उत्तरार्ध आधी वाचतात. पण जाणत्यांना मार्गदर्शिका लागत नाही, म्हणून क्रम बदललेला नाही.

पायरी १ : समिती नेमा

गाडीचे हप्ते आपण भरायचे असले, तरी ती कुठली घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार समितीचा असतो. समितीत पुढील सभासद असावेत.

(अ) एक काका. हे स्वदेशीचे. चिनी वस्तू घरात येऊ द्यायची नाही, हे त्यांचं मत ते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतात. ज्या फोनवरून कळवतात तो उलटा करून पाहू नये.

(आ) एक अमेरिकास्थित भाचा. टेस्लाशिवाय दुसरी गाडी ही गाडीच नव्हे, असं त्याचं म्हणणं. तिकडे म्हणे कंपनीची व्हॅन दुरुस्तीला दारात येते. आपलं दार उदगीरला आहे, याची त्याला सभ्य शब्दांत आठवण करून द्यावी.

(इ) एक निवृत्त अभियंता. "दोन वर्षं थांबा, सॉलिड स्टेट बॅटरी येतेय," एवढं सांगून ते चहा घेतात. हे त्यांनी दोन वर्षांपूर्वीही सांगितलं होतं. चहाही तेव्हा घेतला होता.

(ई) बसस्टँडमागचा मिस्त्री. याला बोलवायचं बहुतेक जण विसरतात. त्याने गाडीभोवती एक फेरी मारून, बॉनेटखाली डोकावून, हात पुसत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवावा : "साहेब, यात माझ्यासाठी काय ठेवलंय?" हा प्रश्न पुढे लागणार आहे.

पायरी २ : बोधचिन्हावरून कूळ ठरवा

नवशिक्याने सुरुवात बॉनेटवरच्या बिल्ल्यापासून करावी. उदाहरणार्थ, एमजी. हे १९२४ सालापासूनचं, इंग्लंडातल्या ऑक्सफर्डचं नाव. म्हणजे कूळ गोऱ्या साहेबाचं. मालकी मात्र शांघायच्या एसएआयसी या सरकारी कंपनीकडे गेलेली. २०२३ च्या करारानंतर भारतातल्या कंपनीत मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाचाही मोठा वाटा. गाड्या बनतात गुजरातेत हालोलला, जिथे पूर्वी जनरल मोटर्सच्या शेव्हरले बनायच्या. त्यांच्या विंडसरला नाव इंग्रजी राजवाड्याचं आणि अंगकाठी वूलिंग या चिनी घराण्यातली. काकांनी "कुठली?" असं विचारलं, तर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून यापैकी सोयीचं गाव सांगावं. खोटं कुठलंच नाही.

व्होल्वो स्वीडनची, २०१० पासून चीनच्या जिली कंपनीची, जुळणी बेंगळुरूजवळच्या होसकोटेला. व्हिनफास्ट व्हिएतनामची; कारखाना ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनला सुरू झालेला. मारुतीची ई-विटारा जपानी सुझुकीची. तयार होते गुजरातेत हंसलपूरला, तिथून शंभरावर देशांत जायची आहे आणि तिच्या बॅटरीतले सेल चिनी बीवायडीचे. भाच्याच्या टेस्लाचं दालन जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं आणि साठ लाखांच्या घरातली ती अमेरिकन गाडी बोटीतून आली शांघायहून. हे काकांना सांगू नये. भाच्याला जरूर सांगावं.

स्वदेशीतही बारकावे आहेत. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिचं जन्मस्थान रांजणगाव; पण हा कारखाना इटलीच्या फियाटबरोबर भागीदारीत उभा राहिलेला, आणि बॅटरीच्या सेलसाठी टाटांच्याच एका कंपनीने चिनी गोशनशी सोयरीक केलेली. महिंद्रांची बीई ६ चाकणची. तिचे सेलही बीवायडीचे. उलट मर्सिडीजची दीड कोटींची ईक्यूएस २०२२ पासून चाकणलाच जोडली जाते. तेव्हा काका पुणेकर असतील, तर जर्मन मर्सिडीज ही त्यांच्या गावची गाडी ठरते, आणि टाटांची सानंदहून येणारी टियागो ईव्ही परप्रांतीय. इथे समितीची पहिली सभा तहकूब होते.

पायरी ३ : चॅसिस नंबर वाचा

दुसऱ्या सभेआधी पुरावा गोळा करावा. शोरूममध्ये जाऊन पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा पुढच्या सीटखाली सतरा अक्षरी नंबर शोधावा. यासाठी गुडघे टेकावे लागतात आणि मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. सेल्समन विचारेल, "सर, काही पडलं का?" उत्तर देऊ नये.

या सतरांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर बहुधा एमए ते एमई यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होतो : टाटांचा एमएटी, मारुतीचा एमए३. एल निघाला तर चीन, जे जपान, के कोरिया, डब्ल्यू जर्मनी. शांघायच्या टेस्लाचा नंबर एलआरडब्ल्यूने सुरू होतो. एवढं ज्ञान मिळालं, की पार्किंगमधल्या इतरांच्या काचांशी वाकून पाहण्याचा मोह होतो. वॉचमनने हटकेपर्यंत पाहायला हरकत नाही.

मात्र हा नंबर शेवटचा नट कुठे आवळला गेला, एवढंच सांगतो. नट कुठून आला, ते सांगत नाही.

पायरी ४ : पोटात शिरा

विजेच्या गाडीतली सर्वांत महाग वस्तू बॅटरी आणि बॅटरीत महाग वस्तू सेल. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचे सेल असतात आणि या जातीची शेती जवळजवळ सगळी चीनमध्ये चालते. आपल्याकडे सेल बनावेत म्हणून केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना आणली; टाटांच्या अगरतासचा कारखाना सानंदला उभा राहतो आहे. तोवर आपण सेल आणतो आणि त्यांची पेटी इथे बांधतो. पेटी स्वदेशी असते.

मोटरमध्ये चुंबक असतं. ते तापल्यावरही चुंबकच राहावं म्हणून त्यात डिस्प्रोसियम, टर्बियम अशी दुर्मिळ मूलद्रव्यं घालतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि काही आठवड्यांत आपल्या वाहन कंपन्यांना उत्पादनाचं वेळापत्रक पुन्हा मांडावं लागलं. मूठभर वजनाच्या चुंबकासाठी अख्खी गाडी खोळंबते. काकांना हे सांगून पाहावं. ते म्हणतील, "मग आपण बनवावं!" हे बरोबर आहे, फक्त दसऱ्याच्या डिलिव्हरीपर्यंत होणार नाही.

सरकारनेही या बाबतीत व्यवहार ओळखला आहे. वाहन उद्योगाच्या प्रोत्साहन योजनेत अनुदान हवं असेल, तर गाडीतलं देशांतर्गत मूल्यवर्धन किमान ५० टक्के लागतं, आणि ते सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. म्हणजे अर्ध्या स्वदेशीवर केंद्र सरकार समाधानी आहे. उरलेल्या अर्ध्यावर काकांनी रागवावं. कामाची वाटणी स्पष्ट आहे.

पायरी ५ : मूळ खरोखर कुठे नडतं ते पाहा

इथवरचं संशोधन सभेत बोलायला उपयोगी. खिशाला ते दोन ठिकाणी लागतं.

पहिलं, किंमत. संपूर्ण तयार गाडी बाहेरून आणली, तर स्वस्तातल्या स्वस्त गाडीवरही सत्तर टक्क्यांच्या घरात आयातशुल्क बसतं. ही रक्कम आपण राष्ट्राला देतो. गाडीत तिचा एक स्क्रूही दिसत नाही.

दुसरं, पाट्या बदलणं. तळेगावचा कारखाना पाहा. तिथे जनरल मोटर्स शेव्हरले बनवायची. २०१७ मध्ये तिने भारतात विक्री थांबवली. मग चीनची ग्रेट वॉल कंपनी कारखाना घ्यायला आली. पण एप्रिल २०२० पासून शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती मिळाली नाही आणि २०२२ मध्ये व्यवहार गुंडाळला गेला. अखेर कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. भिंती त्याच, भाषा तीन. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि तिचा सानंदचा कारखाना २०२३ मध्ये टाटांकडे गेला. देशी असून भागतं, असंही नाही. बेंगळुरूची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली, जी-विझ नावाने लंडनभर फिरली, २०१० मध्ये महिंद्रांकडे गेली आणि आज तिचा सुटा भाग शोधायला रेवाप्रेमींच्या ओळखीपाळखीच कामाला येतात.

तात्पर्य, "गाडी कुठून आली?" यापेक्षा "कंपनी कुठे जाणार आहे?" हा प्रश्न महत्त्वाचा. त्याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. ते सर्व्हिस सेंटरच्या आवारात मिळतं.

पायरी ६ : सर्व्हिस सेंटरची परीक्षा घ्या

शोरूममध्ये एसी असतो, कॉफी असते आणि गाडीवर लाल रेशमी कापड असतं. तिथे काहीही तपासू नये. सोमवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला जावं. फाटकासमोर चहाची टपरी असतेच. तिथे उभं राहून आवारातल्या हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या पाहाव्यात. चार्जिंगला लावलेल्या, पुसलेल्या गाड्या सोडून द्याव्यात. कोपऱ्यातली ती गाडी शोधावी. तिचा पुढचा बंपर काढलेला असतो, जागी पुठ्ठा चिकटपट्टीने लावलेला असतो, वायपरखाली जॉबकार्डाचा पिवळा पडलेला कागद फडफडत असतो आणि धुळीने भरलेल्या बॉनेटवर मांजराची पावलं एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरलेली असतात. जॉबकार्डावरची तारीख वाचावी. पार्ट येण्याचा कालावधी सांगणारं याहून अधिकृत कागदपत्र उपलब्ध नाही.

त्यानंतर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरची तोंडी परीक्षा घ्यावी. नमुना संभाषण पुढीलप्रमाणे :

"या गाडीचं काय झालंय?"
"पार्ट मागवलाय, सर."
"कुठून?"
"कंपनीकडून."
"कंपनी कुठून मागवते?"
"ते वरनं येतं, सर."

'वरनं' म्हणजे पुणे, चेन्नई, शांघाय की इंद्रलोक, हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्यावर रागावू नये. तो पंचवीस वर्षांचा मुलगा दिवसभर हेच सांगतो आणि संध्याकाळी स्वतःच्या पेट्रोलच्या बाइकवरून घरी जातो.

मुख्य प्रश्न चार. ते लिहून न्यावेत आणि उत्तरं लिहून घ्यावीत.

एक : बॅटरी इथे उतरवता येते का? "सर्व्हिस होते" या उत्तरावर समाधान मानू नये. सर्व्हिस म्हणजे धुणं, एसीचा फिल्टर आणि टायरची हवा. बॅटरीची पेटी काहीशे किलोंची असते, तिच्यात तीन-चारशे व्होल्ट असतात. ती उतरवायला लिफ्ट, खालून झेलणारं टेबल आणि केशरी वायरींना हात लावायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो.

दोन : तो माणूस कुठे आहे? हा प्रश्न शांतपणे विचारावा. पुष्कळदा असं निष्पन्न होतं, की प्रशिक्षण झालेला मुलगा जास्त पगारावर पुण्याला गेला, आणि आता गरज पडली की तोच पुण्याहून येतो. उदगीरकराचं सर्व्हिस सेंटर लातूरला धरलं, तर पुण्याचं अंतर सव्वातीनशे किलोमीटर. तो एसटीने येतो.

तीन : गाडी बंद पडली तर उचलून कोण आणतं? दोरी बांधून ओढून नेण्याचा आपला पारंपरिक उपाय इथे चालत नाही. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली, की मोटर जनरेटर बनते आणि नवी दुरुस्ती निघते. फ्लॅटबेडच लागतो. तो किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे रोडसाइड असिस्टन्सच्या पत्रकात बारीक अक्षरांत असतं. विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर २०२५ मध्ये टोलमाफी जाहीर झाली. बंद पडलेली मोटार ज्या डिझेल ट्रकच्या पाठीवर बसून परत येते, त्याला नाही.

चार : पुढची काच, बंपर आणि ऑनबोर्ड चार्जर हे तीन भाग किती दिवसांत मिळतात? काच आणि बंपर का, तर आपल्या रस्त्यांवर तेच आधी जातात. ऑनबोर्ड चार्जर का, तर घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा डबा तोच. तो गेला, की घरी गाडी चार्ज होत नाही. तालुक्यात फास्ट चार्जर नसेल, तर चक्का जाम.

सर्व्हिस सेंटर किती लांब चालेल, याचा नियम सोपा आहे. घरून निघून तिथे जाऊन परत येणं एका चार्जमध्ये जमलं पाहिजे. हिशेबात जाहिरातीतली रेंज धरू नये. ती प्रमाणित चाचणीतली असते आणि त्या चाचणीत मे महिन्यातला मराठवाडा नसतो. काही कंपन्या आता स्वतःच प्रमाणित आकड्याशेजारी प्रत्यक्षातला लहान आकडा छापतात. तो धरावा, त्यातून एसी आणि सासुरवाडीचं सामान वजा करावं.

पायरी ७ : वॉरंटीचं पारायण करा

बॅटरीची नेहमीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते. अलीकडे काही कंपन्या 'लाइफटाइम' वॉरंटी देऊ लागल्या आहेत. हा लाइफटाइम कुणाचा, हे पाहावं. आपला नसतो. काही ठिकाणी तो नोंदणीपासून १५ वर्षांचा असतो आणि बहुधा पहिल्या मालकापुरताच. गाडी मेहुण्याला विकली, की मेहुण्याच्या वाट्याला वेगळा, तोकडा लाइफटाइम येतो. ही गोष्ट त्याला व्यवहाराआधी सांगावी की नंतर, हा कौटुंबिक प्रश्न असून या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

पेटी बाहेरच्या कुणी उघडली तर वॉरंटी जाते, हे कलम मिस्त्रीला वाचून दाखवावं. म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. त्याच्यासाठी टायर ठेवलेत, शॉकअप ठेवलेत, वायपर ठेवलेत आणि सर्वांत महत्त्वाची, १२ व्होल्टची छोटी बॅटरी ठेवली आहे. मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, ही छोटी बसली, की गाडीचे स्क्रीन उजळत नाहीत, कुलपं दाद देत नाहीत आणि पंधरा-वीस लाखांचं यंत्र अंगणात मुकं होतं. त्या वेळी शांघाय, चाकण, हंसलपूर कुणीही कामाला येत नाही. मिस्त्री बसस्टँड रोडवरच्या दुकानातून योग्य मापाची बॅटरी आणतो, बसवतो आणि बिलात स्वतःचा चहा लावतो. अख्ख्या गाडीत जो भाग कुठून आला हे कुणी विचारत नाही, त्याचीच दुरुस्ती अर्ध्या तासात होते. समितीने यावर विचार करावा.

पायरी ८ : शेजार मोजा

आता निर्णय. केंद्र सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आरटीओनिहाय, कंपनीनिहाय आणि इंधननिहाय नोंदणीचे आकडे सर्वांना मोफत पाहता येतात. आपला आरटीओ निवडावा, इंधनात वीज निवडावी आणि कुठल्या कंपनीच्या किती गाड्या आपल्याच जिल्ह्यात धावताहेत ते पाहावं. जिथे गाड्या शेकड्यांनी आहेत तिथे पार्ट गोदामात असतो आणि प्रशिक्षण झालेला मुलगा गावातच लग्न करून राहतो. जिथे चार आहेत तिथे तो एसटीने येतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाने हवी ती गाडी घ्यावी. त्याला मार्गदर्शनाची नाही, पार्किंगची गरज आहे. उदगीरच्या, चिपळूणच्या, साकोलीच्या वाचकाने जिल्ह्यात जी सर्वांत जास्त दिसते ती घ्यावी, मग तिचे सेल कुठल्याही देशातून आलेले असोत. आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी ही इच्छा स्वाभाविक आहे. पण उठून दिसणारी गाडीच आवाराच्या कोपऱ्यात मांजराला सापडते.

आणि खरेदी झाल्यावरही जबाबदारी संपत नाही. त्याच मॉडेलच्या आणखी दहा गाड्या आपल्या तालुक्यात याव्यात म्हणून प्रत्येक मालकाने आजन्म झटायचं असतं. लग्नकार्यात, तेराव्याला, बँकेच्या रांगेत, जिथे माणूस भेटेल तिथे गाडीचे गोडवे गावेत. रेंज थोडी वाढवून सांगावी, मांजराचा विषय काढू नये. तेव्हा एखादा विजेच्या गाडीचा मालक आपल्याला गाठून "घ्याच तुम्ही, डोळे मिटून घ्या" असं कळवळून सांगू लागला, तर त्याच्या गाडीप्रेमाने भारावून जाऊ नये. तो त्याचा बंपर मागवतो आहे.